नळी लहानूची, टाकी फकिराची

"न्याय म्हणजे काय, तर दोन्ही बाजूंचं समाधान न होणं, आन् ते जर दोघांचं सारखंच झालं नाय, तर तो उत्तम न्याय," असं पंच पुंजाबाबा म्हणाले. समोरच्या सात-आठ माणसांनी माना डोलावल्या आणि त्याच घटकेला बाबांच्या धोतराचा सोगा कॉम्प्रेसरच्या पट्ट्यात गेला.

हवा भरायचा कॉम्प्रेसर चालू स्थितीत आहे अशी वाटणीला बसलेल्या पंचांची खात्री पटावी म्हणून थोरल्या फकिरानं तो नुकताच सुरू केला होता. खात्री पटली. बटण बंद होईपर्यंत धोतराचे तीन वेढे उलगडले होते. उरलेला न्याय बाबांनी टाकीच्या मागं उभं राहून दिला.

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडं, हायवेला लागून धोंडीरामचं टायर-पंक्चरचं पत्र्याचं दुकान होतं. धोंडीराम गेला आणि वर्षभरात त्याच्या दोन्ही सुनांचं धुण्याच्या दगडावरून वाजलं. टायरवाल्या नवऱ्याचे कपडे एकदा दगडावर आपटले की त्या दगडावर दुसऱ्या बाईनं काही आपटायची सोय राहत नाही. आणि इथं दगड एक, काळे नवरे दोन. कलाबाईनं फकिराचा सदरा आधी आपटला की वत्सलाबाईनं लहानूची विजार, यावरून सुरू झालेली गोष्ट वाटणीवर येऊन थांबली.

वाटणी काटेकोर झाली. दुकानाच्या मधोमध ताडपत्री लागली. कॉम्प्रेसरची टाकी थोरल्याला, म्हणजे फकिराला. टाकीची नळी आणि तिच्या टोकाचं पितळी नोझल धाकट्याला, म्हणजे लहानूला.

"एकाकडं हवा, दुसऱ्याकडं हवेची वाट," पुंजाबाबांनी टाकीमागून समजावलं. "एकाचं दुसऱ्याबिगर चालणारच नाय. मग भांडतील कशाला?"

पाटीवर 'धोंडीराम टायर, येथे हवा मिळेल' असं लिहिलेलं होतं. ती करवतीनं मधोमध कापली. ज्याच्याकडं टाकी होती त्या फकिराच्या दारावर 'धोंडीराम टायर' आलं. ज्याच्याकडं हवेचा टिपूस नव्हता त्या लहानूच्या दारावर 'येथे हवा मिळेल' लागलं. राहता राहिला सायकलींचा हातपंप. तो काही कापता येईना, म्हणून निकाल लागेपर्यंत पुंजाबाबा तो स्वतःच्या घरी घेऊन गेले. निकाल अजून लागायचा होता.

बाबांचा हिशेब चुकला तो एकाच ठिकाणी. एकमेकांवाचून अडलेली माणसं एकमेकांकडं जातात, असं त्यांनी धरलं होतं. फकिरा आणि लहानू अडून बसले.

लहानू ट्यूबला ठिगळ लावायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "हवा तेवढी पुढं पेट्रोल पंपावर भरून घ्या." पेट्रोल पंप दोन किलोमीटर लांब होता, ताडपत्री दोन हातांवर. सपाट टायर ढकलत माणसं हायवेनं जाताना दिसायची आणि फकिरा त्यांच्या पाठीकडं बघत बसायचा.

फकिरानं स्वतःची नवी नळी आणली आणि तिला एक आखूड नोझल बसवलं. मोटारसायकली झाल्या, जिपा झाल्या. अडलं ते मागच्या जोडचाकांपाशी. टेम्पोला मागं एका बाजूला दोन-दोन चाकं. बाहेरच्या चाकाचा वॉल, म्हणजे हवा भरायची नळकांडी, आत तोंड करून बसलेला, आतल्याचा बाहेर तोंड करून. आणि दोन्ही अशा अडचणीत की माणसाचा हात मनगटाच्या पुढं जात नाही. धोंडीरामचं पितळी नोझल म्हणजे हातभर लांब दांडी आणि टोकाला दोन तोंडं होती, एक पुढं बघणारं, एक मागं. आतल्या वॉलला ढकलून लावायचं, बाहेरच्याला ओढून. ते नोझल आता ताडपत्रीपलीकडं खिळ्याला टांगलेलं होतं.

ताडपत्रीला एक भोक होतं. ते कुणाच्याच वाटणीत आलं नव्हतं, त्यामुळं दोघंही वापरत. रोज सकाळी लहानू उन्हात बसून चिंच लावून ते नोझल घासायचा. ज्या नोझलातून तीन महिने फुंकर गेली नव्हती ते देवघरातल्या समईसारखं लकाकत होतं. फकिरा भोकातून बघायचा आणि म्हणायचा, "घास. घासून घासून झिजव."

"कुणाला म्हणताय?" कलाबाई विचारायची.

"कुणाला नाय."

जोडचाकांचा टेम्पो आला की फकिरा बाहेरची कामं करायचा आणि आतल्या चाकावर लोखंडी सळई हाणायचा. ठण् आवाज आला की मान हलवायची. "आतला बरोबर हाय."

एकदा कांद्याच्या ट्रकचा ड्रायव्हर दात कोरत ते बघत उभा राहिला. "उस्ताद," तो म्हणाला, "सळई माझ्याकडं पण हाय. ठोकायलाच यायचं तर गाडी कशाला थांबवू?"

फकिरानं सळई खाली ठेवली. ड्रायव्हरनं 'येथे हवा मिळेल' वाचून पलीकडं डोकावून पाहिलं, लहानूचं बोलणं ऐकलं, आणि मग हसत हसत गाडीत चढला. ते हसणं फकिराला जेवताना दिसत राहिलं.

फेब्रुवारी लागला. द्राक्षं सुटली. हायवेवर टेम्पोंची रांग लागली आणि एका गुरुवारी हायवेपलीकडच्या, द्राक्षं भरून पाठवणाऱ्या पॅकहाऊसच्या शुभांगी मॅडम स्कूटीवरून आल्या. डोक्याला जाळीची टोपी तशीच, हातात हवा मोजायचा हातभर लांब, दुतोंडी काटा.

"सहा टेम्पो आहेत," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी बागांवर जायच्या आधी सगळ्यांची हवा बघायची, एप्रिल संपेपर्यंत. परवा एकाचं आतलं चाक भर रस्त्यात फुटलं. साठ क्रेट माल उन्हात. परदेशात जायची द्राक्षं होती, गावातल्या बकऱ्यांनी खाल्ली."

"बाहेरचं चाक बरोबर होतं ना?" फकिरानं विचारलं.

"बाहेरचं उत्तम होतं. ड्रायव्हर म्हणाला, आतलं तुम्ही ठोकून बघितलं होतं."

फकिरा टाकीकडं बघू लागला.

"सोमवारी सकाळी एक टेम्पो घेऊन येते. आतलं-बाहेरचं, सगळ्यांवर मी काटा लावून बघणार. जमलं तर काम तुमचं. नाहीतर पॅकहाऊसच्या गेटातच मशीन बसवणार आहोत. मग बाहेरच्या गाड्याही तिथंच येतील."

स्कूटी गेली. कलाबाई चुलीपासून उठून दारात आली होती.

"गेटात मशीन बसलं तर?" ती म्हणाली.

"मग सातपूर."

सातपूरच्या कारखान्यात फकिरा लग्नाआधी अकरा दिवस गेला होता. पत्र्याच्या छताखाली प्रेसपाशी बारा तास उभं राहायचं. पाणी प्यायला जायचं तरी आधी हात वर करायचा. बाराव्या दिवशी तो हात वर करून बाहेर पडला तो थेट गावात. कलाबाईचा भाऊ अजून तिथंच होता आणि दर सणाला म्हणायचा, "दाजी, अजून जागा हाय बरं का." फकिराला ते ऐकलं की मनगटं दुखायची.

"सोमवारपर्यंत चार दिवस हायेत," कलाबाई म्हणाली. "भावजींना मागा ना तेवढं."

"मागू? मी थोरला."

"मग मी मागते."

"तू मागितलं म्हणजे मीच मागितलं."

कलाबाईनं पदर खोचला. "मग टाकीलाच सांगा मागायला," असं म्हणून ती आत गेली.

शुक्रवारी फकिरा नाशिकला गेला. दुकानदारानं काचेवर नोझलांची रांग मांडली. फकिरानं चिमट्याचं निवडलं. वॉलला एकदा चावलं की सुटत नाही, हात मोकळा. घरी येऊन एका ओळखीच्या टेम्पोला लावून पाहिलं. चावत होतं झकास. पण चावायला लावायचं तर चिमटा दाबावा लागतो, दाबायचा तर हात आत पाहिजे, आणि हात आत जात असता तर चिमटा लागलाच नसता. हे कोडं फकिराला टेम्पोखाली उताणं पडल्यावर उमगलं. हात दोन चाकांच्या मधे अडकला तो अडकलाच. कलाबाईनं कोपरापर्यंत गोडेतेल चोळून तो बाहेर काढला. ताडपत्रीचं भोक तेवढा वेळ काळं दिसत होतं, म्हणजे पलीकडून कुणाचा तरी डोळा लागलेला होता.

शनिवारी तो परत गेला आणि लांब दांडीचं आणलं. हे आतल्या चाकाला नीट पोचलं. फकिरानं टेम्पोखालून "जमलं" असा आवाज दिला. मग तो बाहेरच्या चाकाकडं वळला. दांडीला तोंड एकच, तेही पुढं बघणारं. बाहेरच्या चाकाचा वॉल आत तोंड करून, म्हणजे रुसून बसलेला. फकिरानं दांडी वाकवून बघितली. दांडी वाकली, आणि आता ती आतल्यालाही लागेना.

"दोन दिवस, दोन नोझलं," कलाबाई म्हणाली. "अजून एक आणलं तर तोरण होईल दाराला."

पलीकडून वत्सलाबाईच्या हसण्याचा आवाज आला. कलाबाईलाही हसू आलं होतं, ते तिनं पदरात दाबलं. नवऱ्याची फजिती आपण बोलून दाखवणं वेगळं आणि जावेनं ऐकणं वेगळं.

रविवारी फकिरा सातपूरला मेहुण्याकडं गेला. मेहुण्याचा शेजारी लेथवर काम करायचा. फकिरानं कॅलेंडरच्या पानामागं बापाच्या नोझलाचं चित्र काढलं: दांडी एवढी, एक तोंड इकडं, एक तोंड तिकडं, आणि प्रत्येक तोंडात एक बारीक खिळा, कारण तो खिळा वॉलची पिन आत दाबतो तेव्हाच हवा जाते. शेजाऱ्यानं चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं. "ही बगळ्याची मान हाय का?" तो म्हणाला, पण संध्याकाळपर्यंत त्यानं पितळेत ती हुबेहूब कातून दिली. फकिरानं ती हातात घेतली तेव्हा त्याला बापाचा पंजा आठवला, काळ्या भेगांचा.

"दाजी, आलाच हायात तर मुकादमाला भेटून जा," मेहुणा म्हणाला. "जागा हाय."

"बघू," फकिरा म्हणाला आणि बगळा टॉवेलात गुंडाळून एसटीत बसला.

घरी येऊन नळीला लावायला गेला तर आटे जुळेनात. नळीचे आटे बारीक, बगळ्याचे जाड. बापाच्या नोझलाची दांडी, दोन्ही तोंडं, सगळं त्यानं काढलं होतं. ज्या बाजूनं ते नळीत शिरतं ती बाजू चित्रात काढायची राहिली होती. जन्मभर ती बाजू नळीच्या आतच होती, दिसणार कुठून?

सातपूरला परत जायला दिवस उरला नव्हता. फकिरानं जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, सांध्यावर गच्च आवळल्या, वरून तार पिळली. दिसायला मोडलेल्या हाताला प्लास्टर केल्यासारखं दिसत होतं.

"धरंल का?" कलाबाईनं विचारलं.

"धरंल ना. काय न धरायला झालं?"

सोमवारी साडेसहाला वीज जायची होती, ती बारापर्यंत येणार नव्हती. भारनियमनाचं वेळापत्रक हीच त्या साली गावात वेळेवर चालणारी एकमेव गोष्ट होती. फकिरानं पहाटेच उठून टाकी गच्च भरून ठेवली. काटा एकशेवीसवर. एवढी हवा एका टेम्पोला पुरून उरली असती. पण सांडायला नव्हती.

सातला टेम्पो आला. मॅडमनी खाली वाकून मागच्या चारही चाकांना काटा लावला. आतली दोन्ही निम्म्यावर. ड्रायव्हर घड्याळाकडं बघत होता. बागेत बाया कैच्या घेऊन थांबल्या होत्या.

फकिरा पोटावर सरपटत आत गेला. मातीचा थंडावा छातीला लागला. बगळ्याची मान दोन चाकांमधून घातली, वॉल चाचपला, ढकलून लावलं. खिळा पिनेवर बसला. "सोड," तो म्हणाला. कलाबाईनं टाकीची चावी फिरवली.

सुरुवातीला सगळं छान झालं. टायर गुरगुरला, भरू लागला. मग तारेचा एक वेढा सुटला. मग दुसरा. फकिरानं ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात सांधा सुटून नळी उसळली, फकिराच्या हनुवटीवर बसली आणि टेम्पोखाली चवताळून फिरू लागली. मातीचा लोट उठला. मॅडमची जाळीची टोपी हायवेपर्यंत गेली. कलाबाईनं चावी बंद केली तोवर काटा शंभरावर आला होता.

धूळ बसली. फकिरा टेम्पोखालून मागं मागं सरकत बाहेर आला. हनुवटीतून रक्त गळत होतं आणि त्यावर माती चिकटत होती. कलाबाईनं पदराचं टोक दाबून धरलं.

"जमत नसेल तर सांगा," मॅडम म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता. तोच जास्त वाईट लागला.

फकिरा ताडपत्रीकडं बघत राहिला. भोक काळं होतं.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला, "पलीकडं एकजण हाय. त्याच्याकडं नळी हाय. त्याला विचारा, मिळंल का."

"तुम्हीच विचारा ना. इथूनच ऐकू जाईल."

"आमचं बोलणं नाय."

मॅडम ताडपत्रीपाशी गेल्या. "अहो, नळी मिळेल का?"

"त्यांना सांगा," पलीकडून लहानूचा आवाज आला, "नळी मिळंल. पण पंचांच्या कागदात लिहिलंय, नळी लहानूच्या ताब्यातून हलायची नाय. नळी जिथं जाईल तिथं लहानू जाईल."

"ते म्हणतात…" मॅडमनी सुरुवात केली.

"ऐकलं," फकिरा म्हणाला. "त्यांना सांगा, टाकीचंबी तसंच लिहिलंय. चावी फकिराच फिरवंल."

"ऐकलं म्हणावं," ताडपत्री म्हणाली.

"मी द्राक्षं बघायला ठेवलेली बाई आहे," मॅडम म्हणाल्या. "साडेसात वाजले."

ताडपत्री उचलली गेली. लहानू नळी खांद्यावर घेऊन आला, नागपंचमीचा गारुडी यावा तसा. भावाच्या हनुवटीकडं त्यानं एकदा पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. खाली वाकून नळी टाकीला लावली. आटे एका फेऱ्यात बसले. तीन महिने वेगळे राहून त्या दोघांचं काही बिघडलं नव्हतं.

लहानू टेम्पोखाली गेला. फकिरा चावीपाशी बसला. आता पंचाईत अशी, की आतल्यानं बाहेरच्याला सोड कधी, बंद कधी हे सांगायला पाहिजे. आणि बोलणं तर नव्हतं.

टेम्पोखालून लोखंडावर पाना वाजला. टक् टक्.

फकिराचा हात आपोआप फिरला. हवा गेली. धोंडीराम कानानं कमी ऐकायचा, म्हणून त्यानं पोरांना हे लावून दिलं होतं: दोनदा वाजलं की सोड, एकदा वाजलं की बंद. ते पोरांच्या हातात होतं. वाटणीत कुणाला दिसलं नव्हतं.

टक्. बंद. दांडी ओढून बाहेरच्या चाकाला. टक् टक्. सोड. फकिरानं डोळे मिटून टायरचा आवाज ऐकला आणि पाना वाजायच्या अर्धा क्षण आधीच चावी बंद केली. खालून पाना वाजलाच नाही. हवेत उचललेला राहिला असावा.

चारही चाकं झाली. मॅडमनी स्वतः वाकून काटा लावला. आतलं, बाहेरचं, आतलं, बाहेरचं. सगळी सारखी. टाकीवर काटा ऐंशी.

"उद्यापासून साडेपाचला सहाही टेम्पो येतील," त्या म्हणाल्या. "एप्रिलच्या तीसपर्यंत, रविवारसकट. मशीन बसवत नाही मग. पण सही दोघांची लागेल. आणि एक जरी आला नाही तरी काम बंद."

दोघांनी सह्या केल्या. कागद स्कूटीच्या सीटवर ठेवला होता, त्यामुळं खांद्याला खांदा लागणं भाग होतं. लहानूच्या अंगाला तोच वास होता, रबराचा आणि घामाचा, जो फकिराच्या अंगाला होता आणि ज्यावरून धुण्याच्या दगडावर एवढं झालं होतं.

टेम्पो गेला. सातपूर टळलं. फकिरा टाकीला टेकून खाली बसला. नळी अजून लावलेलीच होती. त्यानं ती नजरेनं मापली, भरली नऊ हात. म्हणजे एप्रिल संपेपर्यंत रोज पहाटे हा माणूस आपल्यापासून नऊ हातांवर असणार. मग पुढची द्राक्षं. मग त्यापुढची. मुकादमाला हात वर करून दाखवला की तो निदान पाणी प्यायला तरी सोडतो.

लहानू दुसऱ्या बाजूनं टाकीला टेकून बसला होता. कागद त्याच्या हातात होता आणि चेहरा फकिरासारखाच पडलेला होता.

"हनुवटीला हळद लावा म्हणावं," तो हायवेकडं बघत म्हणाला.

"लावतो म्हणावं," फकिरा म्हणाला.

कलाबाईनं दोन कप चहा आणून दोघांच्या मधे ठेवला. वत्सलाबाईनं पलीकडून साखर पाठवली, कारण चहात ती कमी असते असं तिचं पूर्वीपासूनचं म्हणणं होतं.

एवढ्यात पुंजाबाबा आले. सायकल हातात धरून, चालत. मागचं चाक बसलं होतं, रिम दगडावर खडखडत होती. दोघा भावांना एका टाकीला टेकलेलं पाहून बाबा थांबले, सायकल ताडपत्रीच्या खांबाला लावली आणि धोतर आवरून, टाकीच्या पट्ट्यापासून नीट सहा हात लांब, उभे राहिले.

"बघितलं?" ते म्हणाले. "मी तवाच म्हणलं होतं. एकाकडं हवा, एकाकडं वाट. तीन महिनं लोक मला हसले. अरे, न्याय म्हणजे लोणचं असतं, मुरायला टाइम लागतो."

फकिरानं हनुवटी चाचपली. लहानूनं चहाचा घोट घेतला.

"बरं, ते जाऊ द्या," बाबा म्हणाले. "जरा सायकलीत हवा भरा. निफाडला कोर्टाच्या तारखेला जायचंय."

लहानूनं पितळी नोझल उचललं, सायकलीच्या वॉलला लावून पाहिलं. एक तोंड मोठं झालं. दुसरं तोंड मोठं झालं. फकिरानं आत जाऊन चिमट्याचं आणलं, वाकलेलं आणलं, आखूड आणलं. सायकलीचा वॉल सुतळीएवढा. कुणालाच धरेना. सात वाजल्यापासून जे पितळ आणि जे लोखंड त्या अंगणात शहाणं झालं होतं ते सगळं सायकलीपुढं अडलं.

"याला हातपंप लागतो, बाबा," लहानू म्हणाला.

"मग घे की."

"हातपंप तुमच्या घरी हाय," फकिरा म्हणाला. "निकाल लागेपर्यंत."

पुंजाबाबांनी जरा विचार केला. घर हायवेच्या पलीकडं, मळ्यात, दीड किलोमीटर. ऊन चढत होतं.

"मग असं कर, फकिरा," ते ओट्यावर बसत म्हणाले, "तू जरा माझी सायकल घे, आन् चटकन जाऊन पंप घेऊन ये."